मातीची गोळी

नवऱ्याने, रंगरावाने, काठीने हात मोडला आणि हाडवैद्याने तो वाकडाच बसवला, तेव्हापासून सत्यभामा अफू खायची. मुगाएवढी गोळी. तेवढ्यावर जातं ओढलं जाई. अफूच्या सरकारी ठेक्याच्या दुकानात बाईमाणसाने जायचं कसं, म्हणून ती चोरून विकत घ्यायची. त्यातच धरली गेली. मलकापूरच्या कोर्टाने वर्षाच्या जामिनावर सोडलं. दर बाजाराच्या दिवशी गावच्या चावडीवर हजेरी, आणि नशेत दिसली तर तुरुंग. जामीन राहायला घरचा पुरुष हवा, म्हणून हात मोडणाराच जामीन राहिला.

हजेरीला ती गोळी खाऊनच जायची. अंग थाऱ्यावर असे, नजर खाली, बोलणं हळू. पोलीस पाटील महादेवराव मनाने वाईट नव्हते. बाई सुधारली, असं ते चारचौघांत सांगत.

मग एकदा तिची लहानगी रुखमी अंगणात मातीची गोळी वळून बाहुलीच्या तोंडात कोंबताना दिसली. "खाय, मंग दुखत नाही."

सत्यभामा उठून घरात गेली. उरलीसुरली अफू तिने चुलीत टाकली.

पुढच्या बाजाराला ती चावडीवर पोचली ती घामाने भिजून. नाकाडोळ्यांतून पाणी, जांभयांवर जांभया, हात थरथरत होते. अफू तुटली की अंग असंच करतं, ते खाणाऱ्यालाच ठाऊक. ओट्यावरचं कुणीतरी म्हणालं, आज बाईनं जास्तच चढवलेली दिसते. बाकीचे हसले.

पाटलांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "खाऊन आली का वं?"

"आज नाही जी. आजच नाही खाल्ली."

आपण चारचौघांत दिलेला शब्द खोटा पडला, हे पाटलांना फार लागलं. रंगरावाला विचारलं तर तो म्हणाला, रोजच खाते ती, मी काही जामीन राहत नाही आता.

"मले न्या," सत्यभामा म्हणाली, "पर पोरीले माह्या मायकडं धाडा जी. त्याच्यापाशी नका ठेवू."

पोर बापाची, पाटील म्हणाले. तिथे चावडीचं काही चालत नाही.

शिपायाने तिला गाडीत बसवलं, तेव्हा रुखमी माणसांच्या पायांतून वाट काढत आली. चाकाशी उभं राहून तिने मूठ उघडली. "माय, हे घे. मंग हात नाही हालत."

सत्यभामेने ती माती तोंडात टाकली आणि गिळली. मग दोन्ही हातांनी, त्या वाकड्या हातानेसुद्धा, तिने गाडीचा दांडा आवळून धरला. पोर दिसत होती तोवर हात हलू दिला नाही.