साडेदहाची सिरिंज

आईला नळीतून भरवण्यात थोरलीचा हात धरणारं कोणी नव्हतं. उशाकडून पलंग उंच करायचा, नाकातली नळी जागेवर आहे ना ते बघायचं, गाळलेलं सूप सिरिंजमधून सावकाश उतरू द्यायचं आणि शेवटी पाणी सोडायचं. दिवसातून सहा वेळा, गेले तीन महिने. तेवढ्या दिवसांत आईने तिच्याकडे धड पाहिलंही नव्हतं. हात वर यायचा तो नळी उपसायला, आणि तो धरून ठेवायचं कामही थोरलीचंच.

धाकटी रविवारी उगवायची. पर्स खुर्चीवर टाकून चमचाभर दही घ्यायची. "आ कर गं, शहाणं माझं बाळ ते." असं म्हटलं की आई तोंड उघडायची. गिळताना कधी ठसका लागायचा, पण चेहरा कसा उजळायचा. थोरली तेव्हा उगाचच चादरीच्या घड्या मोडून पुन्हा घालत बसे.

"ताई, खातेय की ही. मग पोटाला भोक पाडून नळी कशाला?"

"आठवड्याला तीन चमच्यांवर माणूस जगत नाही. उंटावरून शेळ्या हाकू नकोस."

"आणि हात बांधून जगवायचं? आईला चाललं असतं ते?"

डॉक्टरांनी दोन्ही वाटा मोकळ्या ठेवल्या होत्या. पोटात नळी घातली तर दिवस कदाचित वाढतील, पण ती उपसू नये म्हणून हात बांधावे लागतील. चमच्याने भरवलं तर घास छातीत जायची भीती, दिवसही कमी, पण जेवण तिच्या मर्जीचं. सोमवारी अकराला गिळण्याची तपासणी करणाऱ्या बाई येतील. आईने तोंडच उघडलं नाही, तर पोटात नळी.

"सकाळपासून पोट रिकामं ठेवा," असं नर्सने दोनदा बजावलं होतं.

सोमवारी साडेदहाला थोरलीने सिरिंज भरली. वेळ म्हणजे वेळ, असं स्वतःला सांगत तिने शेवटच्या थेंबापर्यंत सगळं उतरू दिलं.

अकराला बाईंनी चमचा पुढे केला. आईने ओठ मिटले. मुद्दाम रजा काढून आलेल्या धाकटीने चमचा घेतला. "आ कर गं." आईने मान भिंतीकडे फिरवली.

तीन महिन्यांत पहिल्यांदाच थोरलीला गार वाटलं. घे, तुलाही नाही म्हणाली.

धाकटीचा चमचा हवेतच थांबला. मग तिने तो थोरलीपुढे धरला. "ताई, तू बघ. रात्रंदिवस तूच करतेस तिचं. तुझं ऐकेल."

बाई कागदावर लिहायला लागल्या होत्या.

"थांबा," थोरली म्हणाली. "पोट भरलंय तिचं. साडेदहाला मी दिलं."

"उपाशी ठेवायला सांगितलं नव्हतं का?" बाईंनी विचारलं.

"सांगितलं होतं."

बाईंनी लिहिलेल्यावर काट मारली. "उद्या येते परत," म्हणून त्या निघून गेल्या.

थोरलीने सिरिंज धुतली, पुसली आणि धाकटीच्या हातात दिली.

"उद्या सकाळी ही तुझ्याजवळ राहू दे," ती म्हणाली. "माझा भरवसा नाही."

धाकटीने खुर्चीवरची पर्स उचलली आणि कपाटात नेऊन ठेवली.