चिठ्ठीखालचं नाव

मित्रांनो, मी जुनी आहे, सागवानी आहे आणि स्वभावाने संशयी आहे. पहिल्या दोन गोष्टी मला बघताक्षणी कुणालाही कळतात. तिसरी मीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून तुम्ही म्हणायला नको, की पेटीने आधी काही बोलून दाखवलं नाही.

पण माझा तरी काय दोष? नामदेव सुतारांनी माझ्या झाकणाला पितळी कडी ठोकली, त्याच दिवशी माझा स्वभाव ठरला. जगावर विश्वास असता, तर कडी कशाला लावली असती?

कराडजवळच्या एका गावात अप्पा नावाचे कीर्तनकार राहत. त्यांच्या झांजा आणि चिपळ्या ठेवायला मला घडवलं. तीस वर्षं मी त्यांच्याबरोबर देवळादेवळांतून हिंडले. अप्पा कीर्तनाला उभे राहिले, की मला बाजूला उघडी ठेवत आणि सगळं कीर्तन माझ्या पोटात उतरे. आधी पूर्वरंग. म्हणजे संतांचं एक पद घ्यायचं, त्याचा अर्थ उलगडायचा, शंका काढायच्या, त्या फेडायच्या. पदाच्या शेवटी रचणाऱ्याचं नाव येई. मग मध्ये नामाचा गजर, कपाळाला बुक्का. आणि मग उत्तररंग. तोच अर्थ एखाद्या कथेतून सांगायचा. अप्पांचा सूर लागला, की माझ्यासारख्या लाकडाला पाझर फुटे. तेवढ्यापुरता मी संशय बाजूला ठेवत असे. झांजेबद्दल तर मला कधी शंका आलीच नाही. ती चिरलेली असली, तर पहिल्याच ठोक्याला बद्द बोलते.

अप्पा देवाघरी गेले. झांजा-चिपळ्या त्यांच्या शिष्याकडे गेल्या. मी माळ्यावर गेले. चार वर्षं माझ्यात जुनी बिलं आणि उंदराच्या लेंड्या होत्या. त्याबद्दल जास्त सांगत नाही.

मग अप्पांच्या मुलीने, सुनेत्राताईंनी, मला खाली काढलं. त्यांचे यजमान यतीनराव वायुदलात, बदली चंडीगडला झालेली. ताई तिथल्या एका शाळेत अकरावीला इंग्रजी शिकवू लागल्या. मला त्यांनी पुसलं, तेलाचा हात फिरवला आणि थेट वर्गातल्या टेबलावर नेऊन ठेवलं.

माझं नवं काम असं. मुलांनी थोरामोठ्यांचं एखादं विचार करायला लावणारं वाक्य कागदावर लिहायचं, खाली ते कुणाचं हे लिहायचं, आणि चिठ्ठी माझ्यात टाकायची. दर शुक्रवारी ताई एक चिठ्ठी काढत. आधी त्या वाक्याची चिरफाड, मग ज्याची चिठ्ठी त्याने अनुभवातली गोष्ट सांगायची. या दोन भागांना नावंही त्यांनी अप्पांचीच ठेवली होती, पूर्वरंग आणि उत्तररंग. अकरावी ‘ब’ची पोरं ‘पूर्वरंग’ हा शब्द असा म्हणत, जणू तो ढाब्यावर मिळणारा पदार्थ आहे.

“मॅम, इसमें से मंदिर जैसी खुशबू क्यों आती है?” एकदा एका मुलीने विचारलं.

“बुक्का है,” ताई म्हणाल्या. “मेरे अप्पा का.”

मला मात्र त्या चिठ्ठ्यांचा भरवसा वाटेना. एकच वाक्य तीन मुलं आणत, आणि खाली तीन वेगवेगळ्या महापुरुषांची नावं. आता ते तिघेही एका वेळी एकच वाक्य बोलले असतील, तर गोष्ट वेगळी. चिठ्ठीवर ठोका मारून पाहायची सोय नाही. म्हणून मी टाकणाऱ्यांचे हात बघू लागले. ज्याचा हात घाईत आला, तो माझ्या यादीत गेला.

एका शुक्रवारी ताईंनी एक चिठ्ठी काढली. वाक्य इंग्रजीत होतं, ते आणि ताईंचं वर्गातलं बोलणंही मी आपल्या भाषेत सांगते : ‘दारात आलेल्या माणसाला आधी पाणी विचार, संशय मागाहून घे.’ खाली एका प्राचीन ग्रीक तत्त्ववेत्त्याचं नाव. चिठ्ठी गुरनूरची होती. ही चंडीगडजवळच्या खरड गावाहून बसने येणारी, शेवटच्या बाकावर बसणारी मुलगी. ताईंनी वाक्य दोनदा वाचलं. तेवढ्यात घंटा झाली.

“पुढच्या शुक्रवारी हेच घेऊ,” असं म्हणून त्यांनी चिठ्ठी परत माझ्यात ठेवली.

मला ते वाक्य मुळीच आवडलं नाही. आधी पाणी आणि मग संशय? मग कडीचं कामच काय?

सोमवारी अंकुर ताईंच्या टेबलाशी आला. वर्गात सगळ्यांत जास्त शंका काढणारा हा मुलगा, त्यामुळे माझा लाडका.

“मॅम, गुरनूरवाला कोट कहीं नहीं है. दो दिन ढूँढा. इस बंदे ने ऐसा कुछ बोला ही नहीं.”

“पक्का?”

“पक्का, मॅम. एआय से बनवाया होगा.”

ताईंचा चेहरा उतरला. शाळेचा नियम कडक होता. या चिठ्ठ्या वर्षाच्या प्रकल्पात धरल्या जात, आणि खोटा संदर्भ दिला, तर प्रकल्पाला शून्य, आणि पालकांना शाळेत बोलावणं. शिवाय मुलाच्या नोंदीत ते कायमचं राही.

त्याच दिवशी मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा असताना गुरनूर आत आली. तिने माझं झाकण उचललं आणि ती भराभरा चिठ्ठ्या उपसू लागली. मित्रांनो, मी तीस वर्षं देवळात काढली आहेत, दानपेटीत घुसणारे हात मी पाहिले आहेत. हा हातही तसाच घाईत होता. मी मनात म्हटलं, चोर सापडला. माझी बिजागरी करकरली. दारात अंकुर उभा होता. चिठ्ठी न मिळताच गुरनूर त्याच्या बाजूने पळून गेली.

संध्याकाळी ताईंनी मला घरी नेलं. सुपरवायझर बाईंच्या नावे पत्र लिहिलं, पाकिटात घालून ते त्या चिठ्ठीबरोबर माझ्यात ठेवलं आणि कडीला कुलूप घातलं. पुराव्यासकट मी बंद. खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

यतीनराव चहा घेत बघत होते.

“सुनेत्रा, त्या मुलीला विचारलंस का काही?”

“काय विचारायचं? चिठ्ठी पळवायला आली होती ती. अंकुरने पाहिलं.”

“म्हणजे नाही विचारलंस.”

“यतीन, शून्य मी देत नाहीये. नियम देतोय.”

“बरं. पण तुझे अप्पा शंका घेणाऱ्याला पुढे बसवायचे, असं तूच सांगतेस. जिच्यावर शंका घेतली, तिला कुठे बसवणार?”

ताई वह्या तपासायला बसल्या. पण पत्र त्यांनी सुपरवायझर बाईंना दिलं नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला, गुरुवार गेला. मला वाटे, आता देतील, आता देतील.

शुक्रवार उजाडला. वर्गात ताईंनी कुलूप काढलं आणि चिठ्ठी उचलली. पत्र माझ्या तळाशी होतं. तास संपल्यावर ते वर जाणार, की जाणार नाही, हे पुढच्या चाळीस मिनिटांवर होतं. 

“पूर्वरंग नंतर,” ताई म्हणाल्या. “आज आधी गोष्ट. गुरनूर, पुढे ये. तुझ्या तत्त्ववेत्त्याला हे वाक्य कसं सुचलं, ते सांग.”

ती पुढे आली, माझ्या तळातल्या पाकिटावर सुपरवायझर बाईंचं नाव तिने वाचलं आणि मान खाली घातली. एका हाताने तिने माझी कड धरली होती, घामाने ओली झाली मी. तिने अडखळत सुरुवात केली. अथेन्समध्ये एक मोठा दरवाजा होता. तिथे तो तत्त्ववेत्ता उभा असे. जूनची दुपार. पाठीवर मोठी पिशवी घेतलेला एक मुलगा आला, त्याच्या तोंडून शब्द फुटेना. लोक म्हणाले, चोर आहे, हाकला. तत्त्ववेत्त्याने त्याला खुर्चीवर बसवलं आणि स्टीलच्या ग्लासात पाणी दिलं. पाणी पोटात गेल्यावर मुलगा बोलला, की सातव्या मजल्यावरच्या आजींचं औषध घेऊन आलोय.

“अथेन्स में सातवीं मंज़िल?” अंकुर म्हणाला. वर्ग हसला.

“फिर उन्होंने रजिस्टर में एंट्री की,” गुरनूर ओघात बोलून गेली.

“रजिस्टर भी था?” कुणीतरी मागून. आता वर्ग बाकं बडवू लागला.

गुरनूर थांबली. माझ्या कडेवरची तिची बोटं पांढरी पडली.

“मेरे पापा हैं,” ती म्हणाली. “एयरोसिटी में एक सोसाइटी है, उसके गेट पर गार्ड हैं. नये गार्ड को पहले दिन यही सिखाते हैं.”

बाकं बडवायची थांबली.

“मग त्यांचं नाव का नाही लिहिलंस?” ताईंनी विचारलं.

“मॅम, पापा का नाम लिखती तो कौन डिस्कस करता? सब बोलते, गार्ड का कोट है.” मग हळूच, “सोमवार को वो नाम काटने आयी थी. चुराने नहीं.”

 अंकुर उभा राहिला, कान लाल झालेले.

“मॅम, मैं तो करता डिस्कस. अच्छा लगा था यार, इसीलिए तो दो दिन ढूँढा.”

ताई माझ्याकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तळातलं पाकीट काढलं आणि सगळ्यांसमोर फाडलं.

“अंकुरने शंका घेतली, ते बरोबर केलं. त्याने ती बोलून दाखवली. मी ती चार दिवस कुलुपात ठेवली, ते चुकलं,” त्या म्हणाल्या. “पण गुरनूर, संदर्भाचे गुण तुला मिळणार नाहीत. ते तू स्वतः घालवलेस. बाकीचे तुझेच आहेत. ही चिठ्ठी घरी ने आणि ज्यांचं वाक्य आहे, त्यांची सही आण. आमच्याकडे कीर्तनात रचणाऱ्याच्या नावाशिवाय पद पुरं होत नाही.”

सोमवारी गुरनूर चिठ्ठी घेऊन आली. हसत होती. वडिलांनी म्हणे सहज सही केली नाही. आधी कागद दोन्ही बाजूंनी पाहिला, शाळेचा शिक्का का नाही, असं विचारलं, इंग्रजीचा अर्थ दोनदा सांगायला लावला, मागे कुठे फीची काही अट नाही ना, याची खात्री केली. मित्रांनो, त्या क्षणी मला कळलं, की या जगात माझ्या जातकुळीचा एक माणूस आहे. आणि तरी तो आधी पाणी विचारतो.

मग त्यांनी चिठ्ठीच्या पाठीवर, गेटवरच्या सवयीने, रकाने आखून लिहिलं होतं. नाव : बलकार सिंह. वेळ : संध्याकाळी ६.४०. कोणाकडे : गुरनूर. कारण : तिने बोलावलं.

ताईंनी ते वाचलं आणि चष्मा पुसायला खिडकीशी गेल्या.

आता माझ्यात निराळ्या चिठ्ठ्या येतात. एकीखाली कुणाची आत्या असते, एकीखाली सोसायटीचा माळी. त्यातली एक आत्या जरा जास्तच शहाणी बोलते, तिच्यावर माझी नजर आहे.

माझी बिजागरी झिजली आहे. माझ्याऐवजी प्लास्टिकचा डबा आणायचं शाळेत चाललं आहे, असं ऐकते. तुमच्याकडे एखादी जुनी पेटी असेल, तर तिला वर्षातून एकदा तेल द्या, ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका आणि घरातलं साधंसुधं नाव तिच्यात टाकायला लाजू नका. संशय खुशाल घ्या, मीही घेते. पण तो आत कुलूपबंद ठेवू नका. ज्याच्याबद्दल आहे, त्यालाच जाऊन विचारा. मला विचारता येत नाही. तुम्हाला येतं.