चाळीतलं वाक्य

साहेब, माझ्या भाचीला इंग्रजी कळत नाही असा शेरा तुम्ही मारलात. तो शेरा खोटा आहे.

तेजस्विनी ही माझ्या बहिणीची, मालनबाईची मुलगी. गंगापूर रोडच्या तुमच्या संस्थेत नर्सिंगची एकच जागा बिनफीची. ती मिळाली तर पोरगी शिकणार, नाही तर घरी बसणार. तोंडी परीक्षेत फ्रेजल व्हर्बचा अर्थ सांगून स्वतःचं वाक्य करायचं होतं. 'स्वतःचं' हे तुमच्याच सूचनेत छापलंय.

मी कुठल्या क्लासात गेलो नाही, इंग्रजी नाशिक रोडच्या रद्दीतून शिकलो. तिला मीच बजावलं होतं, की गाईड पाठ करू नको, शब्द घरात आणून वापर, मग तो विसरत नाही.

दार उघडं होतं. मी बाकावरून सगळं ऐकलं. तुम्ही 'लुक आफ्टर' विचारलंत. तिने अर्थ सांगितला, काळजी घेणे. मग इंग्रजीत वाक्य केलं, की माझी आई चाळीतल्या कांद्यांची काळजी घेते.

तुम्ही हसलात. शेजारच्या मॅडमही हसल्या. कांदा म्हणजे काय बाळ आहे का, असं विचारलंत. ती सांगत राहिली, की पावसाळ्यात कांदे साठवलेल्या चाळीत रोज फिरावं लागतं, वास आला की हात घालून नासका कांदा काढावा लागतो, नाही तर शेजारचेही जातात. तुम्ही तिला मध्येच थांबवून पुढच्या मुलीला हाक मारलीत. ती म्हणाली, आई बाळाची काळजी घेते. तिच्या मागचीही तेच म्हणाली. बाकावर सगळ्या तेच पुटपुटत होत्या. जागा त्यांच्यातल्याच एकीला गेली.

घरी मालनबाई पोरीवरच चिडली. "बाळाचं वाक्य सांगाया काय झालं व्हतं तुला?"

"आपल्या घरात बाळ कुठंय, आई?"

मालनबाई उठून चाळीकडे गेली. पाठोपाठ तेजस्विनीही टोपली घेऊन गेली. तेव्हापासून ती रोज जाते. पुस्तकं फळीवर आहेत.

मी तुमच्याकडे आलो, तर शिपायाकरवी निरोप आला, की निकाल अंतिम आहे, गाईडात नसलेलं वाक्य ग्राह्य धरत नाही.

मग स्वतःचं वाक्य मागितलंत कशाला? आणि ज्या पोरीने ते दिलं, तिची जागा कुठे आहे? निरोप नको. उत्तर द्या, तिच्यासमोर बसून.