मासो डावो की उजवो

सेबॅस्टियन फर्नांडिस बहारीनमध्ये एका हॉटेलच्या लाँड्रीत होता, तेव्हा त्याने मुलांसाठी व्हिडिओ गेम विकत घेतला. दुकानात शेवटचा राहिलेला, म्हणून स्वस्तात मिळाला. कॅसेट वेगळ्या घ्याव्या लागतात हे त्याला नांदगावच्या घरी पोचल्यावर कळलं. पुढच्या खेपेला आणू, असं तो म्हणाला. पुढच्या खेपेपर्यंत तो गेम बनवणारी कंपनीच बुडाली होती.

तरीही त्याने मशीन टीव्हीला जोडलं. पडदा निळा झाला. पाण्यातून एक मासा उसळून वर आला, हवेत क्षणभर थांबला, मग डावीकडे वळून पाण्यात पडला. उडालेल्या थेंबांची परक्या लिपीतली अक्षरं झाली, पाच सुरांची धून वाजली आणि खाली एक ओळ आली. बहुधा ‘कॅसेट घाला’ असं लिहिलेलं असावं. पुढे काही नाही.

सेबॅस्टियनने मशीन बंद करून पुन्हा लावलं. या वेळी मासा उजवीकडे वळला.

“गो फ्रान्सिस्का,” त्याने बायकोला हाक मारली, “हो दोनय बाजूंक जाता!”

त्या दिवसापासून फर्नांडिसांच्या घरी रोज संध्याकाळी तेर्साची प्रार्थना म्हणून झाली की मासो लावत. मासा हवेत थांबला की ओरडायचं, ‘डावो’ नाहीतर ‘उजवो’. ज्याचं चुकेल त्याने भांडी घासायची. जॉयसी आणि क्लेटन ही दोन्ही मुलं व्हिडिओ गेम म्हणजे हेच, असं समजून वाढली. क्लेटनने एकदा कणकवलीला मित्राकडे दुसरा गेम पाहिला.

“डॅडी, तेंच्या गेमात मारामारी आसा,” घरी येऊन तो म्हणाला.

“आमच्यात नाय,” सेबॅस्टियन म्हणाला. “बरा आसा.”

क्लेटन पुढे मस्कतला नोकरीला गेला. जॉयसी कणकवलीच्या एका शाळेत शिक्षिका झाली. घरात भिंतीवरचा मोठा टीव्ही आला, पण माशासाठी जुना डबा टीव्ही ठेवलेला होता.

गेल्या वर्षी स्टाफरूममध्ये जुन्या खेळण्यांच्या गप्पा निघाल्या, तेव्हा जॉयसीने हे सगळं सहज सांगितलं. कॉम्प्युटर शिकवणारे चंदन राणे सर डबा खात होते. त्यांनी घास खाली ठेवला.

“मॅडम, ते मशीन चालू आहे?”

“रोज.”

चंदनना जुने गेम जमवायचा नाद होता. ते म्हणाले की या मशीनचे फोटो जगभरच्या नादिष्टांकडे आहेत, पण चालू मशीन कुणाकडेच नाही. सुरुवातीला पडद्यावर काय येतं, यावर लोक वर्षानुवर्षं वाद घालताहेत. काहींच्या मते तिथे पक्षी आहे.

“मासो,” जॉयसी म्हणाली.

रविवारी चर्चमधली मिसा आटपल्यावर चंदन नांदगावला आले. त्यांनी टीव्हीसमोर स्टँडवर मोबाइल लावला, पंखा बंद केला आणि खिडक्या ओढून घेतल्या.

“अंकल, आंटी, फक्त एक करा. कोणी बोलू नका.”

“आमी कित्याक बोलतलंव?” फ्रान्सिस्का म्हणाली.

सेबॅस्टियनने बटण दाबलं. पडदा निळा झाला. मासा उसळला, हवेत थांबला.

“उजवो!” सेबॅस्टियन ओरडला.

“डावो!” फ्रान्सिस्का त्याहून मोठ्याने ओरडली.

मासा डावीकडे पडला. चंदननी डोळे मिटून घेतले. मग ते शांतपणे म्हणाले, “हरकत नाही. परत एकदा करू.”

परत बटण दाबल्यावर मशीनमधून बारीक धूर निघाला. रबर जळल्याचा वास आला. पडदा काळाच राहिला.

चंदन तिथेच जमिनीवर बसले.

“सर,” फ्रान्सिस्का म्हणाली, “जेवन तयार आसा. बांगडो खातात मां?”

चंदन जेवले. मग मशीन कणकवलीला गुरुदास मेकॅनिककडे घेऊन गेले. गुरुदासने ते उघडून पाहिलं आणि मुख्य चिप जळल्याचं सांगितलं. तशी आता मिळत नाही.

जगात त्या माशाचं एकच चित्रीकरण उरलं. चंदननी ते इंटरनेटवर टाकलं. हजारो लोकांनी पाहिलं, काहींनी आभार मानले. फिनलंडच्या एकाने विचारलं, कंपनीने सुरुवातीला माणसांचे आवाज का घातले असावेत? दुसऱ्याने कळवलं की ती दोन मालकांची नावं असणार.

इकडे सेबॅस्टियन संध्याकाळी काळ्या पडद्यासमोर जाऊन बसू लागला. कुणी काही विचारलं तर कंबर दुखते म्हणायचा. जॉयसीने त्याला मोबाइलवर तो व्हिडिओ लावून दिला. त्याने दोनदा पाहिला आणि मोबाइल परत केला.

“हो सदीच डावो जाता. ह्येच्यात काय मजा?”

जॉयसीने हे चंदनना सांगितलं. त्यांना अपराधी वाटतच होतं. दिवाळीच्या सुट्टीत ते एक पेनड्राइव्ह घेऊन नांदगावला आले आणि तो मोठ्या टीव्हीला लावला. त्यांनी चित्रीकरणातले आवाज काढून टाकले होते, धून नव्याने वाजवून घेतली होती. शिवाय आरशात दिसावा तसा उलटा केलेला दुसरा मासा बनवला होता. दोघांतला कुठला मासा कधी येईल ते त्यांनाही माहीत नव्हतं.

सेबॅस्टियन खुर्ची ओढून बसला. पडदा निळा झाला. मासा हवेत थांबला.

“उजवो!”

“डावो!”

मासा उजवीकडे पडला. फ्रान्सिस्का भांडी घासायला उठली. सेबॅस्टियन मात्र पडद्याकडे निरखून बघत राहिला.

“सरानू, हंय अक्षरां उलटी दिसतत.”

चंदन ओशाळले. “होय अंकल. चित्र उलटं केलं की अक्षरंही उलटी होतात.”

“दिसांदेत,” फ्रान्सिस्का स्वयंपाकघरातून म्हणाली. “सुलटी होती तेवा तुका खंय वाचूक येय होती?”

सेबॅस्टियनने थोडा विचार केला. मग रिमोट चंदनच्या हातात दिला.

“लावा परत. आता तुमीय सांगा.”