खारूताईची परीक्षा

बाईंनी अधिकाचं चिन्ह खोडलं, तिथे वजा टाकलं, आणि कुणी बघत नाही ना म्हणून उगाच मागे वळून पाहिलं. मागे त्यांचा दीर बसला होता. तो चहात बिस्किट बुडवत होता आणि अर्थातच बघत होता.

"झालं लावून?" त्यानं विचारलं.

"झालं."

"आता गंमत बघा वहिनी."

बाईंना कसली गंमत! जन्मभर कॉलेजात गणित शिकवलं, पोरांच्या पेपरांतले चुकलेले वजा लाल शाईनं गोल केले, आणि आज भर दुपारी, चांगलं शुद्धीवर असताना, स्वतःच्या हातानं चुकीचं चिन्ह घालायची वेळ आली. तेही कुठे, तर पोटच्या पोरासारख्या वाढवलेल्या प्रोग्रॅममध्ये.

प्रोग्रॅम म्हटला तर साधा. एखादी गोष्ट काळाबरोबर कशी वाढते, कशी ओसरते, याची समीकरणं तो सोडवायचा. ओपन सोर्स, म्हणजे सगळा मामला उघड्यावर: कुणीही फुकट घ्यावा, आत डोकावावं, चूक सापडली तर दुरुस्ती पाठवावी. घेणारे पुष्कळ, डोकावणारे थोडे, आणि नेमानं दुरुस्ती पाठवणारं म्हणाल तर एकच. खारूताई. हे अर्थात टोपणनाव, शेजारी शेपटी वर केलेल्या खारीचं चित्र. बाई की बुवा, तरुण की म्हातारं, राहतं कुठे, कशाचा म्हणून पत्ता नाही. काम मात्र इमानेइतबारे. कधी आवाज चढवला नाही, कधी काही मागितलं नाही.

आणि आता न मागताच द्यायची वेळ आली होती. बाईंच्या डोळ्याच्या पडद्याला भोक पडलं होतं. याच आठवड्यात ऑपरेशन, त्यानंतर बरेच दिवस पालथं पडून राहायचं, स्क्रीनचं नाव काढायचं नाही. तोवर प्रोग्रॅमचे सगळे अधिकार कुणाच्या तरी हाती सोपवायलाच हवे होते, आणि खारूताईशिवाय होतं कोण?

हे ऐकताच दिरानं डोळे मोठे केले होते. तो विमा कंपनीत खोटे दावे हुडकायच्या कामावर होता. सख्ख्या भावाकडेही हा जन्मदाखला मागेल, असं घरात सगळे म्हणत.

"ओळख ना पाळख, आणि घराची किल्ली देऊन मोकळ्या होणार?" तो म्हणाला होता. "लोक अशी वर्षानुवर्षं गोड वागतात, विश्वास कमावतात आणि मग एकदाच हात मारतात. माझं रोजचं काम आहे हे."

बाईंनी त्याला उडवून लावलं, पण किडा डोक्यात शिरला तो शिरलाच. कारण हा प्रोग्रॅम कुठे कुठे चालतो त्यातलं एक ठिकाण त्यांना पक्कं ठाऊक होतं. एका हॉस्पिटलच्या औषधविभागातल्या बाईंनी मागे फोन करून त्यांचे आभार मानले होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना कुठलं औषध किती द्यायचं, किती वेळानं द्यायचं, याचा हिशेब तिथे याच प्रोग्रॅमवर होत होता. ओंजळीत मावतील एवढी बाळं. कुणी मुद्दाम एखादं चिन्ह फिरवून ठेवलं तर?

म्हणून ही परीक्षा. युक्ती दिराची. खारूताई सरळ असेल तर चूक दिसताच चारचौघांत सांगेल. गप्प बसली तर समजायचं, कुठेतरी पाणी मुरतंय. चूक बाईंनी कामाच्या प्रतीत घातली होती. लोकांच्या हाती पडणारी नवी आवृत्ती निघायला अजून अवकाश होता, त्यामुळे आज कुणाला अपाय होणार नव्हता.

दिरानं दुसरा चहा मागितला. तो करून बाई परत येताहेत तोच स्क्रीनवर हालचाल झाली.

"आलं बघा काहीतरी," दीर म्हणाला.

बाईंनी अक्षरं इतकी मोठी करून ठेवली होती की एका वेळी जेमतेम चार ओळी मावत. त्या वाकून वाचू लागल्या. खारूताईनं एक बदल पाठवला होता आणि वर शेरा लिहिला होता, 'रिकाम्या जागा सारख्या केल्या.' म्हणजे नुसती झाडलोट. असला शेरा असला की आत काय आहे ते कुणी उघडूनही बघत नाही.

"उघडा," दीर म्हणाला.

बाईंनी उघडलं. आत जागांचा काही संबंध नव्हता. वजा गेला होता, अधिक जागेवर आला होता.

"चूक बरोबर पकडली की," बाई म्हणाल्या. पण आवाजात जोर नव्हता.

"पकडली. पण लिहिलं काय? आज वजाचं अधिक केलं, उद्या अधिकाचं वजा करील आणि वर हेच लिहील. तुम्ही काय उघडून बघणार होतात?"

बाईंनी नसतंच बघितलं. असल्या शेऱ्यांचे कितीतरी बदल त्यांनी आजवर डोळे झाकून मंजूर केले होते. मग त्यांनी खारूताईला खासगी निरोप टाकला: 'तुम्ही चिन्ह बदललंत. मग शेरा जागांचा का?'

पलीकडून कुणीतरी लिहीत असल्याची खूण उमटायची आणि पुसली जायची. पुन्हा उमटायची.

"थापा जुळवतंय," दीर म्हणाला.

उत्तर आलं. 'नेहमीसारखंच केलं.'

'नेहमीसारखं म्हणजे?'

या वेळी खूप वेळ लागला.

'तुमच्याकडून चिन्ह निसटतं, दशांशचिन्ह सरकतं. ते मी जागेवर ठेवायचं आणि शेरा जागांचा द्यायचा. वर्ष होऊन गेलं. इथे सगळं सगळ्यांना दिसतं. तुमच्या चुका लोकांनी मोजाव्यात असं वाटलं नाही. मला हे सगळं तुमचंच काम वाचून यायला लागलं.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. दिरानं एकदाच वाचलं आणि कप खाली ठेवला.

"वहिनी, याआधीही तुम्ही अशा मुद्दाम..."

"नाही भावोजी. मुद्दाम आजच."

बाईंच्या कानशिलांना चटका बसल्यासारखं झालं. डोळ्याला सरळ रेषा वाकड्या दिसायला लागल्या तेव्हा त्यांनी अक्षरं मोठी केली, दिवा जवळ ओढला, आणि बोटांना सगळं पाठ आहे म्हणून स्वतःची समजूत घातली. डॉक्टरांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं, कामात काही फरक पडलेला नाही म्हणून. लाज वाटली, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दीर मात्र मोकळा झाला. "चला, माणूस भला निघाला," तो म्हणाला. "मीच खोटा पडलो. देऊन टाका किल्ली आणि निवांत ऑपरेशनला जा."

बाई निवांत नव्हत्या. त्यांनी लिहिलं, 'किती होत्या?'

'मोजल्या नाहीत. दिसल्या तेवढ्या नीट केल्या.'

बाईंनी 'दिसल्या तेवढ्या' या शब्दांवर बोट ठेवलं आणि ते तसंच राहू दिलं. गेल्या वर्षात दोन आवृत्त्या लोकांच्या हाती पडल्या होत्या. दोन्ही त्यांनी स्वतः तपासून, स्वतःच्या सहीनं सोडल्या होत्या.

मग त्यांनी फार विचार केला नाही. सगळे अधिकार खारूताईच्या नावावर केले. स्वतःचा अधिकार काढून टाकला. यापुढे त्यांचं एक अक्षरही दुसऱ्यानं पाहिल्याशिवाय आत जाणार नव्हतं. आणि लिहिलं: 'मागचं वर्षभराचं माझं सगळं काम आजच तपासायला घ्या. शेरे खरे लिहा. चूक माझ्या नावानं लिहा.'

एवढं झाल्यावर त्या उठल्या आणि फोन शोधू लागल्या.

"आता कुणाला?" दिरानं विचारलं.

"औषधविभागातल्या बाईंना."

"अहो, आधी खात्री तर होऊ द्या. कदाचित एकही चूक बाहेर गेली नसेल. उगाच बोभाटा होईल, आयुष्यभराचं नाव आहे तुमचं."

"खात्री होईपर्यंत बाळं थांबणार आहेत का?" बाई म्हणाल्या. नंबर काही नीट दिसेना, तेव्हा त्यांनी फोन त्याच्या हातात दिला. "लावून द्या."

त्यानं मुकाट्यानं लावून दिला. बऱ्याच वेळानं तिकडून आवाज आला. मागे कुठलंसं यंत्र संथपणे वाजत होतं.

"अगं बाई, तुम्ही? किती दिवसांनी. बऱ्या आहात ना?"

"सांगते. आधी एवढं सांगा, आमच्या हिशेबावर आज कुणाला औषध द्यायचंय का?"

"आहे ना एक बाळ. का हो? सिस्टर आत्ताच सिरिंज भरून घेऊन गेल्यात."

"त्यांना थांबवा," बाई म्हणाल्या. "माझी चूक असेल त्यात. थांबवा त्यांना."

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, आणि मग लांब जाणाऱ्या धावत्या पावलांचा. दीर खुर्चीतून उठून उभा राहिला होता. बाईंनी फोन कानाशी तसाच धरून ठेवला.