अकरा दिवस भिजलेलं इंजिन

"ढकला! मागे बघू नका, ढकला!"

स्पर्शबाबाने दोन्ही तळवे इंजिनावर टेकवले होते आणि डोळे मिटले होते. मागे पंधरा-वीस माणसं ट्रॅक्टरच्या चाकांना भिडली होती. हा ट्रॅक्टर मास्तरांचा. धुराड्यातून पाणी आत गेलं, तेव्हापासून तो सहा वर्षं शेडमध्ये उभा होता, आणि इंजिन असं जाम झालेलं की पाना लावून लोंबकळलं तरी तसूभर हलेना.

"लोखंड काय आणि हाड काय!" बाबा गरजला. "अडलेलं सगळं माझ्या हाताला कळतं. सोड! सोड त्याला!"

कोणाला सोड ते काही त्याने सांगितलं नाही. पण आतून 'खट्' असा आवाज आला, ट्रॅक्टर हातभर पुढे सरकला आणि इंजिनाच्या डोक्यावरच्या तीन भोकांवर ठेवलेलं फडकं उडालं. भोकांतून काळंकुट्ट पाणी फवाऱ्यासारखं वर उडून पुढे उभ्या असलेल्यांच्या कपड्यांवर पडलं.

"पीडा बाहेर पडली!" बाबा ओरडला.

लोकांनी एकच गलका केला. मास्तर तर रडायलाच लागले. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेला माणूस, आणि कपाळावर ते काळं पाणी चोळत होता.

मी कुठे होतो? तिथेच, ट्रॅक्टरला खेटून, हातात पाना घेऊन मूग गिळून उभा. मी मिस्त्री आहे. ते काळं पाणी काय होतं ते त्या गर्दीत मला एकट्याला ठाऊक होतं, आणि मी अवाक्षर काढलं नाही. सांगतो सगळं, पण थोडा दम धरा. लाज वाटते हो.

बाबाने डोळे उघडले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "हा मिस्त्री शुद्ध मनाचा आहे. याची हत्यारं आजपासून सिद्ध झाली." झालं! दुसऱ्या दिवसापासून माझ्या गॅरेजसमोर रांग. आता अशा वेळी कोण म्हणेल की अहो थांबा, यात काही राम नाही? मी तरी म्हटलं नाही.

त्या गर्दीत माझी आई होती.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, हे गॅरेज त्यांचंच. मला पाना धरायला त्यांनी शिकवलं. वर्षापूर्वी त्यांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. पाय हळूहळू आला, काठी घेऊन चालू लागले. बोलणं तुटक. हात मात्र अडून बसला. त्यासाठी व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई रोज सकाळी यायच्या. अण्णांना भिंतीपाशी उभं करायच्या आणि बोटांनी भिंत चढायला लावायच्या, मुंगी चढते तशी. बोटं जिथवर पोचतील तिथे पेन्सिलीने रेघ. पहिली रेघ कमरेशी होती. सात महिन्यांत शेवटची रेघ हनुवटीपर्यंत आली होती. अण्णा घामाघूम व्हायचे, पण रेघ बघून पोरासारखे हसायचे.

आई मात्र कंटाळली होती. "सात महिने झाले, अजून घास तोंडाशी जात नाही," म्हणायची. आणि तिने तर डोळ्यांदेखत बघितलं होतं की सहा वर्षांचं अडलेलं लोखंड एका हाताच्या स्पर्शाने सुटलं. ती दुसऱ्याच दिवशी अण्णांना बाबाकडे घेऊन गेली.

बाबाने अण्णांचा हात पांढऱ्या फडक्याने छातीशी घट्ट बांधला. "एकवीस दिवस. या हाताला दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये. लागला तर जबाबदारी तुमची." बघा, किती सोय! बरं झालं तर बाबामुळे, नाही झालं तर कोणीतरी हात लावला.

आईने व्यायामाच्या बाईंना यायचं बंद करायला सांगितलं.

त्या दिवशी जेवताना अण्णा माझ्याकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी डावा हात वर केला, मूठ वळली आणि किटलीतून ओतल्यासारखी ताटावर तिरकी केली. एकदा, दोनदा. भुवया उंचावून विचारत होते, ओतलं होतंस ना? मी मान खाली घालून जेवत राहिलो.

"पाणी हवंय का तुम्हाला?" आईने विचारलं. अण्णांनी हात खाली घेतला.

सतराव्या दिवशी व्यायामाच्या बाई थेट गॅरेजमध्ये आल्या. आई बाजारात गेली होती. मागच्या खोलीत अण्णा खुर्चीत बसले होते. बाईंनी विचारून फडकं सोडलं आणि हात जरासा उचलला. अण्णा असे कळवळले की माझ्या हातातला पाना खाली पडला.

"खांदा धरला," बाई म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या, थकल्यासारख्या दिसत होत्या. "एक विचारू? तुम्ही मिस्त्री. ते इंजिन सुटलं कसं हो?"

"सुटलं... कसंतरी."

त्यांची नजर माझ्या टेबलावर गेली. तिथे इंजिनाचं एक जुनं सिलिंडर उभं होतं, वरपर्यंत काळ्या तेलाने भरलेलं. "हे काय?"

"आतल्या दट्ट्याच्या, पिस्टनच्या, रिंगा गंजून चिकटल्यात. निम्मं डिझेल, निम्मं पातळ ऑइल घालून भिजत ठेवलंय."

"किती दिवस?"

"दहा-बारा तर लागतातच. याचे दहा झाले. जोर केला तर रिंगा मोडतात. रोज थोडं ओतायचं, रोज थोडं हलवून बघायचं."

बाईंनी अण्णांचा हात अलगद मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "मी दुसरं काय करत होते?"

मी वाकून पाना उचलला. अण्णा खाली बघत होते. मला वाटलं त्यांनी शिव्या द्याव्यात, पण त्यांना शिव्याही देता येत नव्हत्या.

बाजारातून आल्या आल्या आईने फडकं पुन्हा घट्ट बांधलं. त्याच संध्याकाळी बाबाची बैठक होती. मी दोन सिलिंडरं डोक्यावर घेऊन गेलो. एक टेबलावरचं भिजलेलं, एक भंगारातलं कोरडं ठणठणीत. दोन्हींत पिस्टन जाम. आई, अण्णा, मास्तर, सगळे बसले होते.

"बाबा, हे कोरडं आहे. थेंबही ओतलेला नाही. याला हात लावून सोडवा."

बाबा हसला. "लोखंडालाही श्रद्धा लागते, बेटा."

"मास्तरांच्या ट्रॅक्टरला होती का?"

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. बाबाने नाइलाजाने तळवे टेकवले, पुटपुटला. मी वर लाकडी ठोकळा ठेवून घण घातला. पिस्टन ढिम्म हलला नाही. मग भिजलेलं सिलिंडर मास्तरांपुढे सरकवलं. "मास्तर, तुम्ही ठोका." मास्तरांनी बिचकत ठोकळ्यावर दोन घाव घातले. पिस्टन बोटभर खाली गेला आणि कडेने काळं पाणी वर आलं.

"घ्या, मास्तर झाले स्पर्शबाबा!" मी म्हणालो आणि माझा आवाज फाटला, कारण पुढचं सांगायचं होतं.

"मास्तर, तुमच्या इंजिनाच्या डोक्यावरचे तीन नोझल काढून त्या भोकांतून मी अकरा दिवस हेच ओतत होतो. तुम्हाला सांगत होतो की अवघड आहे, आशा धरू नका. आमच्या धंद्यात असंच बोलतात. गिऱ्हाइकाला आधी घाबरवायचं. सुटलं तर आपण देव, नाही सुटलं तर आधीच सांगितलं होतं. मी देव व्हायला बसलो होतो. आदल्या दिवशी एक पांढऱ्या सदऱ्यातला माणूस आला. म्हणाला, माझंही इंजिन जाम आहे. त्याच्यापुढे मी फुशारकी मारली, की आज पान्याला केसभर हललंय, उद्या टॉप गिअरमध्ये टाकून ढकललं की सुटणार." मी बाबाच्या शेजारी बोट दाखवलं. "तोच हा, बाबाचा माणूस. बाबाने काही सोडवलं नाही. बाबा फक्त वेळेवर आला."

पांढरा सदरा उठून चपला शोधू लागला. बाबा म्हणाला, "संशयाने पीडा परत येते." पण कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते.

आईने विचारलं, "तुला ठाऊक होतं?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून? मी यांचा हात बांधून घेतला तेव्हाही?"

"हो, आई."

ती अण्णांकडे वळली आणि फडक्याची गाठ सोडू लागली. गाठ घट्ट बसली होती. मी मदतीला हात पुढे केला तो तिने बाजूला सारला.

बाबा दोन दिवसांत गाशा गुंडाळून गेला. लोक त्याला शिव्या देतात आणि माझी पाठ थोपटतात, धाडस केलंस म्हणून. कसलं धाडस? सतरा दिवस उशिरा आलेलं धाडस! ढोंग बाबाने केलं, पण त्याला जागा माझ्या गप्प बसण्याने मिळाली. म्हणून हात जोडून सांगतो. चमत्कार दिसला की एवढंच विचारा, याच्या आधी इथे कोणी काय केलं होतं? आणि ज्याला ठाऊक असेल त्याने तिथल्या तिथे तोंड उघडावं, मग अब्रू जाईना का.

व्यायामाच्या बाई पुन्हा येतात. पहिल्या दिवशी अण्णांची बोटं पोटापर्यंतही चढली नाहीत. आज तीन महिन्यांनी रेघ छातीशी आली आहे. हनुवटीशी असलेली जुनी रेघ अजून भिंतीवर आहे. मधली वीतभर भिंत पुन्हा चढायची आहे. रोज सकाळी अण्णा तिच्याकडे बघतात, मग बोटं टेकवून चढायला लागतात, आणि मी शेजारी पेन्सिल धरून उभा असतो.