खड्ड्यावरची पट्टी

मित्रांनो, मी एक जुना रबरी हात हाय. खांद्यापासून बोटापर्यंत नुसता हात, मागं मानूस न्हाई. लातूरच्या एका नर्सिंग कॉलेजात टेबलावर पडलेला असतो. माझ्या आत नळ्या हायत, वर टांगलेल्या बाटलीतून त्यात लाल पानी येतं. पोरी माझ्यावर सलाईन लावायला शिकतात. नवा होतो तवा मला पावडर लावून कपाटात ठेवायचे. आता कोपराला भेग हाय अन् कपाटाला जागा न्हाई.

लई बॅचा गेल्या माझ्यावरून. सगळ्यांनी सुई घातली ती एकाच जागी, मनगटाच्या जरा वर. तिथं टोचून टोचून खड्डा पडलाय. जुन्या पोरी नव्यांना दाखवतात, "इथं घाल, लगेच रक्त येतंय."

रेणापूरची बुद्धप्रिया बी तिथंच घालायची. दर बारीला लाल पानी. तिची मैत्रीण शिल्पा म्हनायची, "तुला काय बाई, तुझा हात लई हलका."

मग वॉर्डात ड्युटी लागली. पहिल्याच दिवशी बुद्धप्रिया परत येऊन माझ्याम्होरं स्टुलावर बसली. शिरूर अनंतपाळच्या नागुबाई म्हातारीला दोनदा टोचलं, शीर गावली न्हाई. म्हातारी म्हनली म्हनं, "पोरी, हाताची चाळणी करतीस का?"

"मी गावाला जाते," बुद्धप्रिया म्हनली. "माझ्या नशिबात न्हाई हे. इथं येत होतं की."

आमच्या शिकवनाऱ्या उज्वला मॅडम दारातूनच बोलल्या, "इथं नशीब न्हाई, खड्डा हाय." आत आल्या अन् खड्ड्यावर पट्टी गुंडाळली. "आता दुसऱ्या जागी घाल."

"काही दिसंना, मॅडम."

"दिसायला कशाला पायजे? बोटं घरी ठेवून आलीस का?"

बुद्धप्रियानं बोट ठेवलं. हळूच दाबलं, सरकवलं, परत दाबलं. मित्रांनो, सुईच्या आधी मला असं कुनी चाचपलंच नव्हतं. पहिली सुई चुकली. दुसरी बी. मॅडम च्याला गेल्या तरी ती करूनच राहिली. पानी आलं तवा ती म्हनली, "परत."

दोन दिसांनी नागुबाईचं सलाईन दुसऱ्या हाताला लावायचं होतं. तिथं काय झालं ते शिल्पानं इथं येऊन सांगितलं. म्हातारीनं हात चादरीत लपवला. "तूच का परत?"

"हाव आजी, मीच. आधी बोटानं बघते. गावली तरच सुई घालते, न्हाईतर सिस्टरला बोलावते."

म्हातारीनं हात बाहेर काढला. "बाजारात वांगं दाबून बघावं तसं बघून राहिलीस की."

"वांगं बोलत न्हाई, आजी. दुखलं तर सांगा."

एकाच सुईत लागलं.

बुद्धप्रिया गावाला गेली, पन दिवाळीच्या सुट्टीला, अन् परत बी आली. आता नवी बॅच हाय. पट्टी सोडू बघनाऱ्या पोरीच्या हातावर ती चापट मारते.

मित्रांनो, माझी भेग चिकटवा, धूळ पुसा, बरं वाटंल. पन खड्ड्यावरची पट्टी तेवढी काढू नका. मला टोचलेलं दुखत न्हाई. माझ्यानंतर ज्याला टोचनार, त्याला दुखतंय.